विश्लेषण : ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, तिथे पंडिता रमाबाईंना शांती का मिळाली नाही?

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, त्या संस्कृतच्या मोठ्या विदुषी होत्या. दुसरी, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. दुसऱ्या गोष्टीवर पुण्यात १८८३ पासून वाद झाला आणि तो आजही अधूनमधून डोके वर काढतो. बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंचे ज्या चर्चशी नाते जुळले, त्याच चर्चशी त्यांनी पुढची काही वर्षे कडाडून वाद घातला, ही बाजू मात्र फारशी माहीत नसते. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे त्या अस्वस्थच होत्या. मनाला विसावा मिळाला तो वेगळ्या वाटेने. घरची श्रद्धा सोडण्यापासून केडगावपर्यंतचा हा प्रवास समजून घेऊ.

लहानपणीचा धर्म कसा होता?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. हा भाग आज कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि वैष्णव पंथाचे निष्ठावान शास्त्री. पुण्यात शिकत असताना त्यांनी आपल्या गुरूंना पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवताना पाहिले होते. आपल्याही पत्नीला शिकवायचे, असे त्यांनी तेव्हाच ठरवले. त्यासाठी समाजाचा विरोध सोसला. पत्नी लक्ष्मीबाई शिकल्या आणि पुढे त्यांनीच धाकट्या रमेला संस्कृतचे पाठ दिले.

रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोंगरावरून खाली आणले गेले. त्यानंतर या कुटुंबाला कायमचे घर असे मिळालेच नाही. तीर्थक्षेत्री जायचे, पुराण सांगायचे, मिळालेल्या दक्षिणेवर राहायचे आणि उरेल ते दान करायचे, असा क्रम होता. उपवास, व्रते, स्नान, दान यांत कसूर नव्हती.

म्हणजे रमाबाईंनी सोडलेला धर्म हा त्यांच्यासाठी केवळ जन्माने आलेला धर्म नव्हता. तो त्यांना पाठ होता, त्यावर त्यांचे पोट चालत होते आणि त्यांच्या आईवडिलांनी त्यासाठी सगळे वेचले होते.

श्रद्धेला पहिला तडा कधी गेला?

१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला आणि दक्षिणा द्यायला कोणी उरले नाही. शास्त्र्याच्या घरात मजुरी करण्याची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज होती. होते-नव्हते ते दानात आणि अनुष्ठानांत संपले होते. देव प्रसन्न झाला नाही. आधी वडील गेले, नंतर आई आणि मग थोरली बहीण.

आईच्या अंत्यसंस्काराचा प्रसंग रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात नोंदवला आहे. तिरडी उचलायला चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले. तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथ्या रमाबाई. उंची कमी असल्याने त्यांना खांद्याऐवजी डोक्यावर भार घ्यावा लागला.

मागे उरलेली ही दोन भावंडे पुढची काही वर्षे देशभर पायी फिरली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून बचाव म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या. शास्त्रात सांगितलेले सारे करूनही हे वाट्याला का आले, हा प्रश्न तेव्हापासून मनात होता. तरीही त्यांनी धर्म सोडला नव्हता.

मग निर्णायक क्षण कोणता?

तो आला कोलकात्यात, आणि तोही सन्मानाच्या काळात. १८७८ मध्ये भावंडे तिथे पोहोचली. विशीतल्या या तरुणीचे संस्कृत ऐकून तिथले विद्वान थक्क झाले. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाधी तिथल्याच. स्त्रियांना धर्मशास्त्रातील कर्तव्ये समजावून सांगावीत, असा आग्रह त्यांना झाला. त्यासाठी रमाबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ नव्याने वाचायला घेतले.

वाचताना त्यांच्या लक्षात आले, की हे ग्रंथ अनेक मुद्द्यांवर एकमेकांशी जुळत नाहीत. दोन मुद्द्यांवर मात्र त्यांना सगळ्यांचे एकमत दिसले. स्त्री स्वभावतःच दोषी मानलेली होती, आणि स्त्रियांना व शूद्रांना पुरुषांप्रमाणे मोक्षाचा अधिकार नव्हता. स्त्रीने पतीचीच उपासना करावी, वेद वाचू नयेत, असा नियम होता. केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत त्यांच्या हाती दिली, तेव्हा हा नियम किती खोल रुजला आहे याचा अनुभव त्यांना स्वतःच्याच मनाच्या धास्तीतून आला.

जिने आयुष्यभर हा धर्म लोकांना सांगितला, तिला त्यात जागाच नव्हती. त्यांची श्रद्धा सुटली ती या शोधानंतर.

ख्रिस्ती धर्माशी ओळख कुठे झाली?

पहिली भेट गमतीची ठरली. कोलकात्यात एका ख्रिस्ती मेळाव्याला दोघे भावंडे गेली होती. प्रार्थनेच्या वेळी मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसली. हे लोक खुर्च्यांची पूजा करतात, असा त्यांचा समज झाला! तिथे त्यांना संस्कृतातील बायबलही मिळाले, पण वाचून फारसे काही हाती लागले नाही.

१८८० मध्ये श्रीनिवास यांचेही निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. प्रांत वेगळा, जात वेगळी. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. आसामातील सिलचरच्या घरी नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. तिथल्या एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याशीही चर्चा होऊ लागली. आपण ख्रिस्ती व्हावे, असे त्यांच्या मनात येऊ लागले. मिशनच्या शाळेत शिकलेल्या पतीला मात्र हे मुळीच पसंत नव्हते.

फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारी कॉलऱ्याने गेले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पदरात काही महिन्यांची मुलगी मनोरमा होती. रमाबाई २३ वर्षांच्या होत्या.

पुण्यातून त्या इंग्लंडला का गेल्या?

१८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशा सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज स्थापन झाला. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघाले. हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टरांची गरज मांडली. स्वतः डॉक्टर होण्याची त्यांची इच्छा होती. त्यासाठी इंग्रजी आणि इंग्लंड दोन्ही आवश्यक होते.

पुण्यातच त्यांची गाठ फादर नेहेम्या गोरे यांच्याशी पडली. काशीत वाढलेले हे चित्पावन शास्त्री १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले होते. शास्त्र्यांच्या भाषेत ख्रिस्ती मत समजावून सांगणारा माणूस रमाबाईंना प्रथमच भेटला. पंचहौद भागात वाँटेज येथील अँग्लिकन भगिनी संघाच्या जोगिणींचे काम चालत होते. त्यांच्या मदतीने १८८३ मध्ये रमाबाई, लहानगी मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत इंग्लंडला निघाल्या. जाताना धर्म बदलण्याचा आपला विचार नसल्याचे त्यांनी सांगितले होते.

बाप्तिस्मा कोणत्या परिस्थितीत झाला?

वाँटेजला पोहोचल्यावर काही महिन्यांतच आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या धर्माच्या मठात राहताना आपल्यालाही बाटवले जाईल, या भीतीने त्यांच्या मनाचा ताबा घेतला होता. या आघातानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

दबावाखाली घेतला का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. रमाबाईंनी स्वतः सांगितलेले कारण वेगळे आहे. लंडनच्या फुलहॅम भागात या संघाच्या भगिनी ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करत होत्या. ज्या स्त्रियांना समाज दारात उभे करत नव्हता, त्यांना इथे आजारपणात आणि संकटात मायेने सांभाळले जात होते. असे आपल्याकडे रमाबाईंनी कधी पाहिले नव्हते. कारण विचारल्यावर एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली. स्त्री-पुरुष असा भेद न करणारा, पतितेशीही बोलणारा गुरू त्यांना त्या कथेत दिसला. कोलकात्यात पडलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना इथे मिळाले. गोरे यांच्या पत्राने उरलेल्या शंकांपैकी काही दूर केल्या.

महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. सुधारकही दुखावले. अशा वेळी महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली.

मग चर्चशी वाद कशावरून झाला?

एका वाक्यात सांगायचे तर, ज्या कारणासाठी रमाबाईंनी जुना धर्म सोडला, तेच त्यांना नव्या घरात दिसू लागले. विचारू नको, वडीलधारे सांगतात ते मान, असा सूर इथेही होता. वाद प्रामुख्याने पत्रांतून झाले आणि ही पत्रे भगिनी जेराल्डीन यांनी जपून ठेवल्यामुळे आज उपलब्ध आहेत. जेराल्डीन यांच्याकडे रमाबाईंच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी होती. रमाबाई त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. वादाचे मुख्य मुद्दे असे होते :

सिद्धांत : बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य चर्च सांगते तसे मान्य करायला रमाबाई तयार नव्हत्या. बायबल वाचून स्वतःला जे पटेल तेच मानेन, या भूमिकेवर त्या ठाम राहिल्या. परंपरेने ठरवलेला मतांगीकार तसाच म्हणायला त्यांनी नकार दिला.

अधिकार : चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या १८८४ ते १८८६ या काळात शिकत होत्या आणि संस्कृतही शिकवत होत्या. मुलग्यांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात, अशी कल्पना पुढे आली तेव्हा भारतातील इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवणे योग्य नाही आणि भारतात याचा परिणाम वाईट होईल, असे त्यांचे म्हणणे. भारतात शास्त्र्यांच्या सभा गाजवलेल्या रमाबाईंना हे ऐकून आश्चर्य आणि राग दोन्ही आले.

भाषा आणि भोजन : गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असा त्यांचा प्रश्न होता. भारतीयांसाठी लॅटिनमध्ये काहीच पवित्र नाही, असे त्यांचे मत. त्या शाकाहारी राहिल्या, अंडे घातलेले पक्वान्नही टाळत. भगिनींना त्यात जातीचा अहंकार दिसला.

मुलगी : मनोरमेला कोणती धर्मशिकवण द्यायची, हा सर्वांत नाजूक मुद्दा होता. हा अधिकार आईचा, असे रमाबाईंनी स्पष्ट कळवले.

या भांडणात चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी समजुतीची भूमिका घेतली. शंका विचारणे हा अपराध नाही, हे त्या जाणून होत्या. रमाबाईंनी चर्चशी नाते तोडले नाही. मात्र अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट अशा अनेक पंथांनी आपणच खरे असे सांगितल्याने त्या गोंधळल्या. कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत बसायला त्यांनी नकार दिला. ऐकू कमी येऊ लागल्याने डॉक्टर होण्याचे स्वप्नही इंग्लंडमध्येच मागे पडले.

शारदा सदनात काय घडले?

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि तीन वर्षांचा काळ परदेशातच गेला. भारतीय विधवांची स्थिती सांगणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत देण्याचे ठरवले. अट एकच : शाळेत धर्मप्रचार नको.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. पहिल्या विद्यार्थिनींमधील गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदनात मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई स्वतःची प्रार्थना मात्र आपल्या खोलीत दार उघडे ठेवून करत आणि आत येणाऱ्या मुलींना अडवत नसत. यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने जोरदार टीका केली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

इंग्लंडमधील भगिनींना रमाबाई पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या आणि पुण्याला त्या फारच ख्रिस्ती वाटत होत्या. दोन्हीकडून एकट्या पडण्याचा हा काळ होता.

शांती अखेर कुठे मिळाली?

याच धामधुमीत, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे ‘फ्रॉम डेथ इंटू लाइफ’ हे आत्मचरित्र आले. हॅस्लम चर्चच्या चाकरीत होता, विधी बिनचूक करत होता आणि तरी आतून कोरडा होता. एके दिवशी व्यासपीठावरून प्रवचन देता देता त्याचेच मन पालटले.

रमाबाईंना आपलीच गोष्ट वाचल्यासारखे वाटले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला सापडलेला नाही, असे त्यांच्या लक्षात आले. लहानपणी व्रतांनी देव प्रसन्न करायचा होता, वाँटेजमध्ये सिद्धांत मान्य करून पात्र ठरायचे होते. दोन्हीकडे आधी आपण काहीतरी सिद्ध करायचे होते. आता मात्र क्षमा आणि प्रेम अटीविना मिळते, हा विश्वास त्यांच्या मनात बसला. दुष्काळात अनुष्ठाने करून थकलेल्या शास्त्र्याच्या मुलीसाठी हा फरक फार मोठा होता. पुढे लिहिलेल्या आत्मकथनात त्यांनी खरा पालट याच टप्प्यावर झाल्याचे सांगितले आहे.

गंमत म्हणजे, एकेकाळी त्यांना न पटलेले त्रैक्यही या अनुभवानंतर त्यांनी स्वीकारले. कोणी लादले नव्हते, म्हणून ते स्वीकारता आले असावे.

केडगावचे चर्च वेगळे कसे होते?

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंनी स्वतः तिथे जाऊन शेकडो निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या. स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेल्या बाईसाठी ही केवळ समाजसेवा नव्हती. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ होती. त्यामुळे या मुलींना पुण्याच्या पूर्वेला, रेल्वेमार्गावरील केडगावच्या जमिनीवर ठेवले गेले. तेच ‘मुक्ती’. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तिथली संख्या सुमारे दोन हजारांवर पोहोचली.

शेती, विणकाम, शिवण, तेलघाणा, छपाई अशी कामे स्त्रियाच करत. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ उभे राहिले. फुलहॅममध्ये पाहिलेले दृश्य आता भीमेच्या खोऱ्यात दिसत होते.

मुक्ती कोणत्याही एका पंथाची नव्हती. रमाबाई कायम पांढरे लुगडे नेसत, शाकाहारी राहिल्या. १९०५ मध्ये केडगावात मोठे धार्मिक जागरण झाले. मुली तासन्‌तास रडत, गात, मोठ्याने प्रार्थना करत. पाश्चात्त्य मंडळींपैकी काहींना हा प्रकार खटकला. आपल्या मुलींनी आपल्या पद्धतीने देवाशी बोलावे, यात गैर काय, अशी रमाबाईंची भूमिका होती.

शेवटची सुमारे दीड दशके त्यांनी एका कामाला वाहिली : बायबलचा सोपा मराठी अनुवाद. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आधीचे अनुवाद संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. संस्कृतच्या पंडितेने हे म्हणावे, यात बरेच काही आले. धर्मग्रंथ वाचण्याची बंदी तिने जवळून पाहिली होती. आता मुक्तीतल्या मुलींनी स्वतःच्या हातांनी खिळे जुळवून तो ग्रंथ छापला.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. तिच्यावरच पुढची सगळी भिस्त होती. रमाबाईंनी अनुवादाचे उरलेले काम पूर्ण केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आज हे का समजून घ्यायचे?

धर्मांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच शक्यतांभोवती फिरते : आमिष किंवा दबाव. रमाबाईंचे आयुष्य या दोन्हींत बसत नाही. त्यांनी किंमत मोजली ती दोन्ही बाजूंना. पुण्यातील मित्र गेले, इंग्लंडमधील हितचिंतक रागावले. त्यांनी श्रद्धा बदलली, पण प्रश्न विचारण्याचा हक्क कोणाकडेच गहाण ठेवला नाही.

भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. आणि ज्या चर्च ऑफ इंग्लंडच्या बिशपांनी त्यांच्या शिकवण्यावर हरकत घेतली होती, त्याच चर्चच्या दिनदर्शिकेत आज ३० एप्रिल हा त्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. तिथे त्यांची ओळख दिली आहे ती धर्मग्रंथाची अनुवादक म्हणून. केडगावची मुक्ती मिशन आजही सुरू आहे.